ती शॉर्टफिल्म विसरायला लावणारी नाही हो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरच्या सांगली पानावर खाली कोपऱ्यात एक छोटी चौकट आलती, कॉलेजच्या पोरांनी केलेल्या शॉर्टफिल्मची. हेडिंग होतं, महापुराच्या कटू आठवणी विसरायला लावणारी शॉर्टफिल्म. आता मी स्वतः त्या शोला होतो, विश्रामबागेतल्या एका छोट्या हॉलमध्ये, पडदा म्हणून फ्लेक्सची मागची पांढरी बाजू लावलेली, साठएक माणसं असतील, त्यातली निम्मी पोरांचे आईबाप. त्यामुळं ठामपणे सांगतो की तुमच्या बातमीदारानं एकतर फिल्म अर्धी बघितली नाहीतर हेडिंग ऑफिसात बसून दिलं. राग मानू नका. पण त्या फिल्ममध्ये कोण काय विसरत नाही, उलट विसरायचा प्रयत्न करतो आणि तो कसा फसतो हेच एकोणीस मिनिटं दाखवलंय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गावभागातलं जुनं घर, त्यात एकटा राहणारा साठीचा माणूस. बायको २०१९ च्या पुरात गेलेली. कशी गेली हे फिल्म शेवटपर्यंत सांगत नाही आणि ते बरं केलंय. मुलगी पुण्याला असते, तिनं फोनवरनं पेंटर ठरवून दिलाय कारण घर विकायचंय आणि भिंतीवर पुराची रेघ दिसली की गिऱ्हाईक भाव पाडतं. (हे शंभर टक्के खरंय, आमच्या गल्लीत दोन घरं अशीच पडून आहेत.) तर पेंटर येतो, भिंती बघतो, हिशेब सांगतो, आणि हा माणूस म्हणतो सगळं रंगव पण ह्या भिंतीवर रेघेच्या खाली हात लावायचा नाही. पेंटर म्हणतो, "काका, पट्टा कसा दिसंल ओ ते, अर्धी चड्डी घातल्यासारखं." हॉलमध्ये सगळे हसले. मी पण हसलो.

पूर हा शब्द अख्ख्या फिल्ममध्ये एकदा पण कोण उच्चारत नाही. "ती आलती तवा" असंच म्हणतात, ती म्हणजे नदी, जसं आपण म्हणतो. ड्रोन शॉट नाही, बोटी नाहीत, हेलिकॉप्टर नाही, रडणाऱ्या बायका नाहीत. आणि एक सीन असा घेतलाय की तो सांगलीबाहेरच्या माणसाला कळणारच नाही. रात्रीचे तीन वाजलेत, बाहेर साधा पाऊस, आणि हा माणूस अंथरुणात बसून मोबाईलवर आयर्विनची लेव्हल, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे ते, बघतोय. आकडा दिसतो, बावीस फूट. आता बावीस फूट म्हणजे काहीच नाही, इशारा पातळी चाळीसला, धोका पंचेचाळीसला, बावीसला तर नदीच्या घाटावर पोरं पोहत असतात. तरी तो बसलाय. दहा मिनिटांनी परत बघतो. बावीसच. पुढच्या रांगेतली पोरं हसली आणि मागं आम्ही पन्नाशीची माणसं एकदम गप्प झालो, कारण जून संपला की आम्ही सगळे तेच करतो. माझी बायको म्हणते तुमच्या मोबाईलला विचारा कोयना धरणात किती टीएमसी पाणी झालं, बायकोचा वाढदिवस विचारू नका.

मी रंगाचा दुकानदार आहे, मारुती चौकाच्या अलीकडं, वडिलांपासनंचं दुकान. त्यामुळं भिंत आणि पुराची रेघ ह्या विषयावर मला थोडा जास्तच बोलायचा अधिकार आहे असं समजा.

२००५ ला पाणी आलं तेव्हा आयर्विनला त्रेपन्न फुटांच्या पुढं गेलतं. आमच्या घरात दोन फूट. पाणी उतरल्यावर वडिलांनी दाराच्या चौकटीला ऑइल पेंटनं लाल रेघ मारली, बाजूला तारीख लिहिली. त्यांना अशी हौस. १९२९ साली आयर्विन पूल झाला तो बघायला आमचे आजोबा गेलते असं वडील सांगायचे, त्या पुलाचा अभिमान इतका की जणू ह्यांनीच दगड वाहिलेत. तर ती लाल रेघ आमच्या घरात चौदा वर्षं होती. वडील गेले, रेघ राहिली. कोण पाहुणा आला की दाखवायचो, बघा, इथपर्यंत आलतं, ह्याच्यावर येत नसतंय.

२०१९ ला ५ ऑगस्टला नागपंचमी होती. टीव्हीवर दिवसभर काश्मीर आणि ३७० चाललेलं, आमच्याकडं नदी वर वर येतीय त्याचं कुणाला काय नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर, ही मंडळी बिचारी दरवेळी पहिली भिजतात, ती बाहेर पडली होती. आम्ही काय केलं, तर ती लाल रेघ बघितली, सगळं सामान त्याच्यावर दीड फूट वर मांडलं, आणि निवांत बसलो. आई तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची. ती म्हणाली अरे चला की जाऊया कुपवाडला मावशीकडं. मी म्हणलं आई, २००५ ला बघितलंय ना आपण, उगाच घाबरू नको. एकटा मीच असा वेडा नव्हतो, निम्म्या सांगलीनं २००५ च्या मापानं सामान उचललं होतं. हरभट रोडला व्यापाऱ्यांनी माल वरच्या फळीवर ठेवला, वरची फळी पण गेली.

पाणी त्यावेळी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. म्हणजे वडिलांच्या रेघेच्या जवळजवळ चार फूट वर.

६ तारखेला रात्री निघालो. चौकात कंबरभर पाणी, पलीकडं ट्रॅक्टर उभा, आणि आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गल्लीतल्या दोन पोरांनी डोक्याच्या लेव्हलला धरून नेलं. निघताना ती म्हणाली माझा पानाचा डबा घे रे. मी खेकसलो. म्हणलं, "जीव चाललाय आणि तुला डबा सुचतोय." ती काही बोलली नाही. नंतर पण त्याविषयी काही बोलली नाही. भिजलेली होती, कफ झाला, मिरजेला दवाखान्यात ठेवलं, पाणी उतरलं, राखीपौर्णिमा १५ ऑगस्टलाच आलेली, आणि त्यानंतर चार दिवसांनी ती गेली. डॉक्टरांनी कागदावर न्यूमोनिया लिहिलं ते बरोबरच आहे. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं मयत बुडून आहे का, म्हणलं नाही, तर म्हणाला मग ह्यात येत नाही. त्याचंही बरोबर असेल, त्याचा कागद तसा होता. पण तेव्हापासनं मला कुणी विचारलं की आई कशी गेली, तर पुरात गेली म्हणू का पुराच्या वेळी गेली म्हणू, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. ब्रह्मनाळला ८ तारखेला बोट उलटली, सतरा माणसं गेली, त्यांच्यापुढं आपलं दुःख घेऊन बसायचं कसं असंही वाटायचं. म्हणून मी घेऊन बसलोच नाही. दुकान धुवायला लागलो.

दुकानाची अवस्था काय सांगू. वॉलपुट्टीची पोती दगड झालेली, अक्षरशः छिन्नीनं फोडून काढली. थिनरचे डबे तरंगत येऊन शटरला आतनं अडकून बसलेले. वास तर दोन महिने गेला नाही. आणि मग आली दिवाळी. पाणी उतरून अडीच महिने झालेले आणि सगळ्या सांगलीला रंग लावायचा होता. मी चांगला धंदा केला त्या दिवाळीत, खोटं कशाला बोलू. प्रत्येकजण यायचा, प्रायमर द्या, इमल्शन द्या, डार्क शेड द्या म्हणजे रेघ झाकंल. मला माहीत होतं भिंती ओल्या आहेत. आमच्या गावभागातल्या जुन्या भिंती दगडविटांच्या, चुना मातीच्या, हातभर रुंद, त्या आठ दहा दिवस पाण्यात बसल्या की आतनं वाळायला एक अख्खा उन्हाळा लागतो, कधीकधी दोन. त्याच्यावर प्लास्टिक पेंट मारला की पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. मग ते पाणी आतला लोणा, म्हणजे भिंतीतला खार, घेऊन पुढं येतं, पांढरी पावडर धरते, रंगाला फुगे येतात, पोपडे पडतात. नुसता चुना मारला तर भिंत हळूहळू वाळते, पण चुना कुणाला नको होता, गरीब दिसतं म्हणे. एक दोघांना सांगून बघितलं की थांबा वर्षभर, तर म्हणाले तुम्हाला विकायचं नाही का. मग विकलं. संक्रांतीपर्यंत निम्मी गिऱ्हाईकं परत आली भांडायला, तुमचा माल डुप्लिकेट आहे म्हणून.

तर आता फिल्मचा शेवट. तो माणूस अर्ध्या रात्री उठतो आणि पेंटरनं ठेवलेला डबा उघडून ती रेघ स्वतःच रंगवून टाकतो. सगळी भिंत एकसारखी. झोपतो. मग काही दिवस जातात, पावसाचा आवाज, आणि शेवटचा शॉट, भिंत तीच, आणि रेघेच्या जागी बरोबर ओळीनं फुगे आलेत. संपलं. नावं येतात.

शो झाल्यावर पोरांनी माईक फिरवला. एक सर उठले, त्यांनी सांगितलं की टेक्निकली छान आहे पण एंड निगेटिव्ह आहे, समाजाला मूव्ह ऑनचा मेसेज द्यायला हवा होता, शेवटी त्यानं हसत नवीन घराची किल्ली घेतली असती तर बरं झालं असतं. टाळ्या पण पडल्या. मग एक बाई म्हणाल्या ही भिंत म्हणजे मनाचं प्रतीक आहे. डायरेक्टर पोरगी नदीपलीकडच्या गावची, विशीतली, ती नुसती मान हलवत होती. मला उठून सांगायचं होतं, अहो प्रतीक बितीक काय नाही, ओल्या भिंतीला रंग मारला की फुगतोच, माझ्या दुकानात येऊन विचारा. पण माझा गळा भरून आलता आणि माईक आपल्या जवळ येईपर्यंत हॉलवाल्यानं लाईट बंद करायला सुरुवात केली. म्हणून हे पत्र.

खरं तर मला शेवटापेक्षा त्याच्या आधीचा सीन लागला. पेंटर जेवायला बसलाय, भाकरी आणि झुणका, आणि तो माणूस त्याच्या शेजारी येऊन बसतो आणि मोबाईल काढून त्याला एक फोटो दाखवतो. आयर्विन पुलावरनं काढलेला, खाली कमानी बुडत आलेल्या, पाणी चहासारखं, पुलावर ही गर्दी. आपल्याकडं नाही का, पाणी वाढलं की सगळे पूल बघायला जातात, भजी खातात, पोरांना खांद्यावर घेतात, मी पण गेलोय. तो म्हणतो, हा फोटो काढत होतो तेव्हा तिचा फोन येत होता, मी कट केला, फोटो हलंल म्हणून. एवढंच. संगीत नाही, काही नाही. पेंटर फोटो बराच वेळ बघतो, बोटानं मोठा करून बघतो, आणि म्हणतो, "चांगला आलाय की." आणि परत भाकरी मोडतो.

आता ह्याच्यावर कोण म्हणेल पेंटर असंवेदनशील दाखवलाय. मला नाही वाटत. माझ्याकडं पंधरावीस पेंटर येतात रोज, मी ओळखतो ह्या माणसांना. त्याला काय बोलायला पाहिजे होतं? तुमची चूक नव्हती म्हणायचं? ते तर सगळेच म्हणतात. मला पण सगळ्यांनी सांगितलं, तुझी चूक नाही, पाणीच तसं होतं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं पाणी सोडलं नाही, कोयनेनं एकदम सोडलं, दोन वर्षं तर सांगलीत ह्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता, समिती बसली, अहवाल आला, तरी पानपट्टीवर वाद मिटला नाही. त्या वादात मी पण जोरजोरात बोलायचो. टीएमसी, क्युसेक, सगळं तोंडपाठ. आता कळतंय की जेवढं अलमट्टीवर बोलत होतो तेवढं त्या पानाच्या डब्यावर बोलावं लागत नव्हतं. पेंटरनं त्या माणसाला माफ पण केलं नाही आणि दोष पण दिला नाही, फोटो बघितला फक्त. तो फोटो पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी बघितला.

एक गोष्ट मात्र फिल्ममधल्या त्या माणसाशी माझी पटत नाही, आणि तुमच्या हेडिंगशी पण नाही. रेघ जपून ठेवायची ह्याच्यावर त्याचा एवढा जीव, पण आमच्या घरात चौदा वर्षं रेघ जपलेली होती आणि तिनंच आमचा घात केला. आम्ही तिला आठवण म्हणून ठेवलं आणि गॅरंटी म्हणून वापरलं. मागं एवढं झालं म्हणजे पुढं एवढंच होणार. आणि मग २०२१ ला उलटं. जुलैत पाणी चढायला लागल्यावर आम्ही २०१९ च्या मापानं घर दोन दिवस आधी रिकामं केलं, अगदी खिळे काढायचे बाकी ठेवले, तर पाणी चोपन्न फुटांच्या थोडं वर जाऊन थांबलं, आणि गल्लीतले म्हणायला लागले उगाच हमाली केली. म्हणजे पुसून टाकली तरी पंचाईत आणि डोळे झाकून तिच्यावर विश्वास ठेवला तरी पंचाईत. मी परवा वडिलांच्या लाल रेघेच्या वर २०१९ ची रेघ मारली, आणि मध्ये २०२१ ची. तिन्हीच्या वर भिंत अजून बरीच मोकळी आहे, ती पण आता दिसते.

शोवरनं घरी आलो तर पोरगा म्हणाला बाबा तुम्ही रडत होता का. म्हणलं डोळ्यात प्रोजेक्टर गेला. मग दुसऱ्या दिवशी दुकानात गल्ल्याच्या खालचा ड्रॉवर उघडून त्याला दाखवलं. आईचा अडकित्ता. डबा मिळाला नाही, अडकित्ता माजघरातल्या गाळात सापडलेला, पितळी मुठीचा, गंजून मिटलेला, पाती एकमेकाला चिकटलेली. पाच वर्षं मी तो ड्रॉवरमध्ये ठेवलाय, कधी रॉकेलमध्ये घालून बघितला नाही, का ते मला विचारू नका, गंज काढायची पन्नास केमिकलं माझ्या दुकानात आहेत. पोराला डब्याची गोष्ट सांगितली. मी आजीवर खेकसलो ते पण सांगितलं. तो थोडा वेळ अडकित्ता उलटसुलट करून बघत बसला आणि म्हणाला ह्यानं सुपारी कशी कापतात, त्यानं कधी बघितलंच नाही. मग रॉकेलमध्ये घातला. दोन दिवसांनी निम्मा उघडला. पूर्ण उघडत नाही अजून.

आता मागणी. आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणवतो, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर केलं हे दर ५ नोव्हेंबरला भाषणात ऐकतो, आणि ह्या पोरांना फ्लेक्सच्या मागच्या बाजूवर फिल्म दाखवावी लागते. कुणीतरी चांगल्या पडद्यावर एक शो लावा, पावसाळ्याच्या आधी, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडच्या लोकांना फुकट बोलवा, आणि नंतर माईक फिरवताना मेसेज काय हे विचारू नका, लोकांना त्यांच्या घरात रेघ कुठपर्यंत आहे एवढं विचारा. तासभर कमी पडेल. त्या शोची बातमी तुम्ही छापाच, फक्त हेडिंग देताना विसरायला लावणारी हे शब्द काढा एवढी विनंती.

आणि त्या पोरांसाठी एक निरोप. फिल्म फार चांगली आहे पण तुमचा पेंटर पोपडे न खरवडता, प्रायमर न मारता डायरेक्ट रोलर फिरवतो, तसं कुठलाच पेंटर करत नाही, आणि त्याच्या हातातला ब्रश तर नवा कोरा आहे, लेबल दिसतंय. पुढच्या वेळी दुकानात या, वापरलेले ब्रश, पत्रा, डाग पडलेली शिडी, सगळं देतो, पैसे नकोत. फक्त शिडी परत आणून द्या.

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नये, गिऱ्हाईक दुकानात येऊन तेच विचारत बसतं)
गावभाग, सांगली